विषांची पेटी

बीड शहरात विषाला इतक्या मानानं वागवणारा माणूस माझ्या धाकट्या दिरांशिवाय दुसरा झाला नाही. निजामाच्या अमलात ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. सख्ख्या मेहुण्याला ते तीन वर्षं भलत्याच नावानं हाक मारत होते आणि तो बिचारा ओ देत होता. पण मोरचुदाला उर्दूत काय म्हणतात, रंगारी काय म्हणतात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. "वैद्य लिवतो एक, दुकानदार देतो दुसरंच, आन् माणूस मरतंय फुकट," असं म्हणून त्यांनी प्रत्येक नावाची वेगळी चिठ्ठी करायला घेतली. वस्तू काय, तिनं काय होतं आणि पोटात गेली तर काय करायचं, एवढं तिच्यावर हवं. तुतिया काढावा तर त्यावर 'नीलाथोथा पाहा', नीलाथोथा काढावा तर 'मोरचूद पाहा'. त्यांची ती पत्र्याची पेटी म्हणजे अस्सल सरकारी कचेरी होती. कुठल्याही टेबलाशी जा, साहेब आपले पुढच्या टेबलाशी.

माझ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही युसूफ वडगावला गेलो होतो. देण्याघेण्याचं सगळं जुळत आलेलं, आणि भावजींनी मुलाच्या चुलत्याला विचारलं, "तुमच्याकडं मुर्दाडशिंगाला काय म्हंत्यात?" अशा शुभ बैठकीत विषाचं नाव, आणि त्यातही मुर्दा! चुलते उठून बाहेर गेले. मी डोळे वटारले, तर भावजी खिशातून पेन्सिल काढत होते. बरं, ऐकलेल्यावर त्यांचा भरवसा नसे. कुणाकडून कळलं ते लिहीत आणि पुढं 'ऐकीव' असा शेरा मारत. आमटीत मीठ कमी आहे म्हणाले की मी विचारायची, "भावजी, ऐकीव का छापील?" ते हसत नसत, पुन्हा एक घास घेऊन बघत.

छापील म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या कुलपातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक. साहेब जेवायला बसले की अर्धा तास ते यांच्या हाती येई. भावजींना इंग्रजी अक्षरं आणि बाटल्यांवरची नावं तेवढी येत. मग ते चित्र काढावं तसा मजकूर उतरवून घेत आणि निजामी रिवाजानं शाळेला सुटी म्हणून शुक्रवारी हेडमास्तरांकडून अर्थ लावून आणत. आठवडाभर त्या चिठ्ठ्या पेटीत मुक्या पडून असायच्या. मी त्यांनाही हसायची. आता हसू येत नाही.

एका बुधवारी दुपारी शेजारच्या सोनाराची सून यमुना किंचाळली. सोनारानं दागिने साफ करायचं तेजाब खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलं होतं. मात्रा कळाव्यात म्हणून भावजींनी स्वतः चिकटवलेली कातरलेली पट्टी बाटलीवर तशीच होती. पोरीनं पट्टी बघून बरोबर एक मात्रा तोंडात घेतली. बरंचसं थुंकली, थोडं गिळलं. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर. भावजी धावत आले, पेटीतून एक चिठ्ठी उपसली आणि सोनाराच्या दारातून मला म्हणाले, "वहिनी, मी वाचून आणतो. तवर काई पाजू नका." आणि शाळेकडे पळत सुटले.

मी ऐकलं नाही. विष पोटात गेलं की ओकवायचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मीठपाण्याचा तांब्या मीच तिच्या तोंडाला लावला. हेडमास्तरांना घेऊन भावजी परतले तेव्हा ती ओकून पडली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, ओकवू नये. वर येताना पुन्हा जाळतं. दूध द्यावं.

यमुना वाचली, पण तिचा आवाज गेला. नुसती कुजबुज उरली. भावजींनी दुसऱ्या दिवशी सोनाराच्या ओट्यावर, चार माणसांत सांगितलं, "चिठ्ठी शनवारपासून माझ्यापाशी हाय. मी वाचून आनली न्हाई. पट्टीबी माझ्या हातची." सोनार दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. त्यांनी चाळिशी उलटल्यावर मुलांच्या पुस्तकावरून इंग्रजी शिकायला घेतलं. माझ्या तांब्याबद्दल मात्र ते मला मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोलले नाही, ही माझी लाज आहे.

त्यांचं तेरावं झालं त्या दुपारी यमुना भांडी घासू लागायला आली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "यमुने, पाजू नका असं भावजी मला सांगून गेले होते गं."

तिनं हातातली परात धुऊन पालथी घातली. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "मला ऐकू आलतं, काकू."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमचे भावजीच म्हनले व्हते मला. वहिनीनं जीव वाचवाया केलं, तिला काई म्हनू नका."

मी तिथंच बसून रडले. यमुनेनं उरलेली भांडी एकटीनं घासली.