पारासमोरून चप्पल घालून

उज्वला ओझरची. वडील विमानाच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे ती कॉलनीत वाढलेली, पायात कायम चप्पल. सत्त्याण्णव साली लग्न होऊन ती सायखेड्याकडच्या एका गावात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की इथल्या सुनांनी चावडीजवळच्या पारासमोरून जाताना चप्पल काढून हातात घ्यायची. का? तर पारावर थोरली माणसं बसतात! पार मागे पडला की पुन्हा पायात. उज्वलाला हसूच आलं. पण नवी नवरी काय बोलणार? तिनंही काढली.

दोन वर्षांनी तिच्या सासूबाईंच्या, चंद्रभागाबाईंच्या पायात काटा मोडला. त्यांना साखर, जखम काही केल्या भरेना. निफाडच्या डॉक्टरांनी तंबीच दिली, "आजी, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. उद्या पाय कापायची पाळी आली तर मला बोलू नका." उज्वलाने मऊ तळाची चप्पल आणली. सासूबाई ती घरात घालायच्या, मळ्यात घालायच्या. पारापाशी आलं की लगेच हातात! आणि ती वाट म्हणजे उखडलेली खडी आणि बाभळीचे काटे.

"आई, डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टर निफाडात बसतो. इथं आबा बसत्यात."

आबा म्हणजे सावळीराम, चंद्रभागाबाईंचे थोरले दीर. मिशा अशा, की पोरं लांबूनच पळायची. त्यांच्यासमोर बाईंनी उभ्या जन्मात मान वर केली नव्हती.

उज्वला दोन दिवस धुमसली. मग मनाशी म्हणाली, गावाला एकदा सवय झाली की आईपण घालतील. आता सवय लावायची तर आधी कुणीतरी बोलणी खायला हवीत. खाते मी! बाजारातून तिनं मुद्दाम चटचट वाजणारी स्लिपर आणली, डोक्यावर पदर नीट घेतला आणि निघाली पारासमोरून.

गप्पा एकदम बंद. कुणाची तंबाखू तळहातावरच राहिली. कुणी खाकरलं. मागून आवाज आला, "केरूची बायको का रं ही?" उज्वलाचे डोळे पदराआडून सगळं टिपत होते. घरी येऊन तिनं सासूला एकेकाची नक्कल करून दाखवली. चंद्रभागाबाई आधी भडकल्या, "इज्जत घालवती का गं आमची!" आणि मग हळूच, "आन् आबा?"

"आबांनी पाठ फिरवली. पण कान लालबुंद झाले होते."

बाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या, दुसरं काय!

मग ते रोजचंच झालं. केरूला पारावर टोमणे बसायला लागले. तो घरी येऊन कुरकुरला, "अगं, दुसरी वाट नाय का?" "आहे ना. आईंना पाठीवर घेऊन चला," उज्वला म्हणाली. शेजारच्या भिमाबाईने आधी नाक मुरडलं, आणि काही दिवसांनी तिचीच सून चप्पल घालून जाऊ लागली. उन्हाळा लागेपर्यंत पारावरची मंडळी मानसुद्धा वळवेनाशी झाली.

सगळं गाव सरावलं, एक चंद्रभागाबाई सोडून. त्यांची चप्पल हातातच. जखम काळी पडायला लागली तेव्हा उज्वला रडकुंडीला आली. "आता कोण काय म्हणतंय, आई? का जीव खाताय माझा?"

बाईंनी पायाची पट्टी नीट केली. मग म्हणाल्या, "मी नवी व्हते तवाबी काटे व्हतेच की. केरू पोटात असताना भर उनात काढली मी. आता घातली, तर तवा काढली ती कशापायी? उगाच?"

उज्वलाने त्यांचा पाय मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला दोघी निफाडला निघाल्या. वैशाखातलं ऊन. पारापाशी बाई वाकल्या, चप्पल काढली. उज्वलानेही काढली. त्यांच्या शेजारून स्लिपर वाजवत जायला तिचं मनच घेईना.

चार पावलं गेल्या असतील नसतील, पारावरून आबांचा आवाज आला. "का गं सूनबाई, आज चप्पल तुटली का काय? पाय भाजतील की!"

उज्वला जागच्या जागी थबकली. ज्यांनी तिला पाठ दाखवली होती, तेच हे आबा! पण शेजारी चंद्रभागाबाईही थांबल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि थेट दिराकडे पाहिलं.

"आबा, माझेबी पाय भाजायचे. मला नाय कधी कुणी इचारलं."

बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आबांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पट्टी रक्ताने भिजली होती. गुडघ्यावर हात टेकत ते पारावरून उतरले, पुढे आले, भावजयीच्या हातातली चप्पल घेतली आणि खाली वाकून तिच्या पायांपुढे ठेवली. थोरल्या दिरानं! अख्ख्या गावादेखत!

चंद्रभागाबाईंनी उज्वलाचा खांदा धरला.

"लय उशीर केला, आबा," त्या म्हणाल्या, आणि चप्पल पायात घातली.