झडपेला बांधलेली तार

मारोतराव खंडारे यांचं नाव मी घालवलं. महाराष्ट्र झाल्यावरचा पहिला दसरा — त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खामगावच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या बॉयलरखान्यात. मागच्या आठवड्यापर्यंत हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. कामगार संघटनेत नाही, घरी नाही. तुम्ही माझी पत्रकं वाचता, तेव्हा तुम्हालाच सांगायला हवं.

मारोतराव तिथले फिटर. तोंडानं फटकळ, स्वतःची तारीफ स्वतःच करणारे. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तेच तपासत — वाफ अति झाली की आपोआप उचलली जाणारी झडप. वाफ हळूहळू चढवायची, काटा लाल खुणेवर आला की झडप उठते का बघायचं. मिटल्यावर फुसफुसते का, कान देऊन ऐकायचं. दर खेपेला जराशी उशिरा उठायला लागली, तर समजायचं — ही पुढे अडकणार. त्या वर्षी सगळी तपासणी करून ते छातीठोक म्हणाले होते, "हे यंदा दगा देत नाही बे."

दसऱ्याला यंत्राची पूजा. आग विझवलेली. हार चढवायला संघटनेचा पुढारी म्हणून मी बॉयलरवर चढलो. झेंडूचा जड हार, दोरा सारखा तुटत होता — म्हणून मी लोखंडी तार घेतली. झडपेच्या दांडीवरून खालच्या पाइपाला, चांगली पिळून. दुसऱ्या दिवशी आग पेटायच्या आधी ती सोडायला हवी होती. मी कुठे होतो? फाटकावर भाषण देत होतो. कामगारांच्या सुरक्षेवर.

काटा लाल खूण ओलांडून गेला, झडप उठली नाही. पाइपाचा सांधा सुटला, भट्टी पेटवणाऱ्या फायरमनचा हात कोपरापर्यंत भाजला. सगळे बाहेर धावले — आणि मी फाटकावरून आत, थेट वर. तार तोडली, खिशात घातली. खाली माणूस विव्हळतोय आणि हा तार लपवतोय — अशा माणसाला मी पत्रकात काय म्हटलं असतं?

सांधा जोडून मारोतरावांनी पुन्हा वाफ चढवली. झडप बरोबर खुणेवर उठली. ते चक्रावले. "हार बांधाले वर तूच होता न बे? काही दिसलं काय तुले?"

"नाही जी," मी म्हणालो.

तेवढ्यावर तरी थांबलो का? पत्रक काढलं. त्यांना 'मालकाचा ज्योतिषी' म्हटलं — न तपासताच झडपेचं भविष्य सांगणारा. मालकाला तर बरंच झालं. त्यानं त्यांना काढून टाकलं आणि हात झटकले.

मागच्या आठवड्यात दुसरबीडला गेलो. तिथं मारोतराव आता रस्त्याकडेला डिझेल इंजिनं दुरुस्त करतात. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. वाटलं, पाना फेकून मारतील. ते नुसते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे झडप बरोबर होती. अन् मी इतके साल माह्याच कानावर शक घेऊन राह्यलो."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मी माफी मागितलीही नाही. परतीच्या एसटीत बसल्याबसल्या गाढ झोप लागली. असं म्हणायची लाज वाटते — पण हलकं वाटतंय. खरंच हलकं.

तुम्ही ते पत्रक वाचलंत, पानठेल्यावर 'ज्योतिषी' म्हणून हसलात. आता त्याच पानठेल्यावर जा आणि झडप कशानं अडली ते सांगा. माझं नाव घेऊन सांगा.