बाजाची सीट

पाहुण्याने ताट माझ्या पायाशी ओतलं. भात, मांस, सगळं वाळूत. मग कफीलला, मला कामाला आणणाऱ्या मालकाला, विचारलं, "हा पक्षी हिने कापला?"

कफील मला म्हणाला, "उचल. हाताने."

मी उचललं. वाळूतून भात उचलला जात नाही, हे त्या दिवशी कळलं. दहा पुरुष गालिच्यावर बसून बघत होते. एकजण हसत होता. माझं उचलून झालं तेव्हा त्याच पाहुण्याने रोटी मागितली. रोटी मीच भाजलेली होती. रोटीला माझा हात चालत होता.

रियाधपासून चार तासांवर माझ्या कफीलची जमीन होती. अख्खी दरी, तारेचं कुंपण घातलेली. थंडीत तिथे हुबारा उतरायचा, आपल्या माळढोकाच्या जातीतला पक्षी. शिकारीला पाहुणे यायचे, आपापले बाज घेऊन. तंबू, गाड्या, जेवण कफीलचं. पैसे पाहुण्यांचे. एकदा वाळवंटात भटकणारा एक म्हातारा बदू मनगटावर बाज घेऊन फाटकाशी आला. "माझा आजा इथेच शिकार करायचा," म्हणाला. कफीलने त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. फाटकाला हाताएवढं कुलूप होतं.

स्वैपाकाच्या तंबूत मी एकटी. दोन गाड्यांपैकी एक चालवायला इस्माईलभाई, श्रीवर्धनकडचा. मीही त्याच किनाऱ्याची, म्हणून मला बाय म्हणायचा.

ती चूक म्हणाल तर अशी झाली. बाजाच्या पंज्यातून सुटलेला हुबारा माझ्या तंबूमागे पडला. जिवंत होता. जिवंत सापडलेला पक्षी कापावाच लागतो, नाहीतर तो हराम. पुरुष पार टेकडीपलीकडे. मी सुरी घेतली, बिस्मिल्ला म्हटलं, कापला.

आमच्या गावात बायका कोंबडी बगलेत धरून दारात उभ्या राहायच्या. रस्त्याने पुरुष जाईल, तो कापून देईल, याची वाट बघत. आमच्या घरात तसं नव्हतं. बाप बोटीवर, चुलते बोटीवर. आईने मौलवींना विचारलं. ते म्हणाले, बाईने कापलेलं चालतं. त्या दिवसापासून आईच कापायची. मला तिने दहाव्या वर्षी सुरी दिली. गाव कुजबुजायचं. आई म्हणायची, "कुजबुज शिजत नाही. कोंबडी शिजते."

म्हणून सुरी एकदाच फिरली. कापायला नको होतं, असं मला त्या दिवशीही वाटलं नाही. पण तोंड उघडलं नाही. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, कफीलच्या खिशात, पासपोर्ट त्याच्या कपाटात.

इस्माईलभाई नंतर येऊन म्हणाला, "बाय, तू पण कमाल करतेस. सुरी हातात आली की काझीच होतेस."

"आणि तू? मघाशी हसत होतास ना?"

तो गाडी पुसायला निघून गेला.

हे एक्क्याण्णवच्या जानेवारीतलं. कुवेतवरून लढाई होणार, हे रोज रेडिओवर. पाहुणे म्हणायचे, लढाई तिकडे, पक्षी इकडे. पण प्रत्येकापाशी विषारी वायूच्या मुखवट्याचा डबा आला होता. मी मोजून नाही, नुसतं बघून सांगते, स्वैपाकाच्या तंबूत डबा आला नाही.

दोन दिवसांनी पहाटे वरून विमानं गेली. एकामागून एक, उत्तरेकडे. भांडी थरथरली. बाज डोळ्यांवरच्या टोप्यांखालीच पंख झाडू लागले. उजाडलं तेव्हा रेडिओने सांगितलं, सुरू झालं.

पाहुण्यांनी तासाभरात तंबू तसेच टाकून गाड्या भरल्या. डबे गळ्यात. मी माझं बोचकं घेऊन इस्माईलभाईच्या गाडीशी गेले. मागच्या सीटवर एक जागा रिकामी होती. तिथे दांडी बसवली होती, दांडीवर ताट ओतणाऱ्या त्या पाहुण्याचा बाज.

कफील म्हणाला, "तू इथे थांब. सामान राख."

"किती दिवस?"

"अल्ला जाणे."

"फाटकाची किल्ली?"

तो हसला. "किल्ली कशाला? बाहेरचा कुणी आत येऊ नये म्हणून कुलूप आहे."

पहिली गाडी फाटकाबाहेर गेली. इस्माईलभाईने आपली गाडी फाटकापर्यंत आणली, आणि कुलूप हातात घेऊन खाली उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाय, तांदूळ भरपूर आहेत."

माझाच माणूस. माझ्याच किनाऱ्याचा. कुंपणाच्या आत मी, बाहेर रिकामं वाळवंट, वर विमानं. विषारी वायू आला तर दाराला ओला टॉवेल लावा, असं रेडिओ सांगत होता. तंबूला दार कुठे असतं?

पाहुणा खाली उतरून कफीलशी बोलत होता. मी गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवरचा जाड हातमोजा चढवला. महिनाभर मी बघत होते, बाजाच्या पायांना मागून हात टेकवला की तो मागे पाऊल टाकतो आणि हातावर येतो. आला. जड होता. नख्या मोज्यातून टोचल्या. पायाची दोरी मी बोटांत आवळली, दांडी बाजूला सारली आणि त्याच्या जागेवर बसले.

कफील ओरडत आला. माझा दंड धरणार, तेवढ्यात मी दुसरा हात बाजाच्या टोपीवर ठेवला.

"टोपी काढते. दोरी सोडते. बघा मग शोधून, या विमानांत."

कफीलचा हात तिथेच थांबला. पाहुण्याचा चेहरा पांढरा पडला. मी कापलेला पक्षी त्याला नको होता. मी धरलेला हवा होता.

"बसू दे तिला," तोच म्हणाला.

इस्माईलभाईने गाडी फाटकाबाहेर काढून कुलूप लावलं. मी बाहेर होते.

वाटेत पाहुण्याने दोनदा हात पुढे केला. मी "ला" म्हटलं. नाही. अरबीतला तो शब्द मला पहिल्या दिवसापासून येत होता. वापरला त्या दिवशी. समोरून लष्करी ट्रकांच्या रांगा येत होत्या.

रियाधमध्ये दुकानं बंद, काचांवर चिकटपट्ट्या. कफीलच्या दारात उतरलो. पाहुणा म्हणाला, "आता दे."

"आधी माझा पासपोर्ट."

कफील म्हणाला, "खलास. तुझं काम संपलं. विमानतळ बंद आहे. पासपोर्ट घेऊन जाणार कुठे?"

"ते मी बघीन."

तेवढ्यात सायरन वाजला. रस्ता क्षणात मोकळा झाला. इस्माईलभाई पळाला. पाहुण्याने मुखवटा चढवला, त्यातून काहीतरी ओरडला, बाज वाचावा म्हणून मला आत ढकलायला लागला. मी दाराबाहेरच्या पायऱ्यांचा कठडा धरला. दुसऱ्या हातावर बाज. तो हात खांद्यापासून बधिर झाला होता.

कफील कपाटाकडे पळाला की तळघराकडे, मला दिसलं नाही. मला मुखवटा नव्हता. नसू दे. हात मी खाली घेणार नव्हते, आणि पासपोर्ट हातात आल्याशिवाय त्या घराच्या कुठल्याच दाराआड जाणार नव्हते.