चार दिवस वापरलेली काठी

नात माझ्याजवळच वाढली, म्हैसूरला, सरस्वतीपुरमच्या घरात. माझी मुलगी वारली तेव्हा ती सहा वर्षांची होती. बापाने दुसरं लग्न केलं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

मी चौथी शिकलेली, तीही कन्नड शाळेत. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यावर परीक्षा दिली तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे मला नातीनेच सांगितलं. परीक्षेत तिचा नंबर बरा आला. मग कॉलेजांची यादी भरायची होती, आपल्याला हव्या त्या क्रमाने. वरून बघत येतात. एक मिळालं की त्याच्या खालचं कोणी बघत नाही. तिने सगळ्यात वर बेंगळूरचं कॉलेज टाकलं. तिच्या सरांनीही तेच सांगितलं होतं, तिथली प्रयोगशाळा मोठी आहे म्हणून. म्हैसूरचं, घरापासून बसने वीस मिनिटांचं, तिसरं होतं.

पक्क्या यादीआधी एक नुसती दाखवण्यापुरती यादी लागते. त्यात तिला बेंगळूर मिळालं. स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं आणि लगेच मैत्रिणीला फोन करून हॉस्टेलची चौकशी करू लागली. क्रम बदलायला अजून चार दिवस होते.

त्या चार दिवसांत मी काठी काढली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी डॉक्टरांनी घ्यायला लावलेली, ती तेव्हापासून दाराआड होती. गुडघा दुखतो, पण काठी लागावी इतका नाही. मी ती टेकत देवापुढे गेले, न्हाणीघरात गेले, अंगणात तुळशीला पाणी घालायला गेले. फरशीवर तिचा आवाज होतो. तो नातीच्या खोलीत जातो, हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"अज्जी, मी गेले तर तुझं जमेल ना?"

जमेल, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "बघू."

संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं, म्हैसूर वर घेतलं. सुम्मने तिकडे कशाला जायचं, म्हणाली. आमच्या घरात 'उगाच'ला सुम्मनेच म्हणतात. मी तिच्या भातावर तूप वाढलं. अजून एक दिवस बाकी होता. तोही तसाच जाऊ दिला.

पक्क्या यादीत म्हैसूर आलं. काठी परत दाराआड गेली.

कॉलेज सुरू झाल्यावर महिन्याभराने ती एक दिवस दुपारीच घरी आली. मी स्टुलावर उभी राहून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढत होते. तिने स्टूल धरलं, बरणी घेतली, मला हात देऊन खाली उतरवलं.

"काठी कुठे आहे?"

"आज बरं वाटतंय," मी म्हणाले.

तिने दाराआडून काठी आणली, ओल्या फडक्याने पुसली आणि माझ्या खुर्चीला टेकवून ठेवली.

तेव्हापासून मी उठायला लागले की ती वाचता वाचता उठते आणि काठी माझ्या हातात देते. रागाने नाही, तोंडही वाकडं करत नाही. मैत्रिणीचा बेंगळूरहून फोन आला की तो घेऊन बाहेर कट्ट्यावर जाते. मी काठी घेते आणि टेकत टेकत जाते. नको म्हणायचं, तर चार दिवसांचं सगळं सांगावं लागेल.