भित्र्या दस्तगीरची कनात

शेवटचं भेटलो तेव्हा दस्तगीर मला म्हणाला होता, “मास्तर, भ्या वाटतंय रे.” खाटेवर पडल्या पडल्या, चादर छातीशी धरून, अगदी सरळ सांगितलं त्यानं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी गडबडून गेलो असतो. पण दस्तगीरला भीती वाटते हे मी जन्मभर ऐकत आलेलो. मी नेहमीच्याच सुरात म्हणालो, “तुला कशाची भीती वाटत नाही ते एकदा सांगून टाक, म्हणजे आपण दोघंही मोकळे.” तो हसला. हसता हसता खोकला. मग त्यानं माझा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडलाच नाही... हात गार होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्याचा हात गार होता. त्याच आठवड्यात एका दुपारी त्याचा थोरला अमीन आमच्या दारात येऊन उभा राहिला. चप्पलही न काढता, उंबऱ्याबाहेरच. त्यानं काही बोलायची गरज उरली नव्हती.

माणूस गेला की तो एकदम शूर होतो, दिलदार होतो, आणि तसं छापूनही येतं. मला ते जमणार नाही. दस्तगीर भित्रा होता. विजेला भ्यायचा, विहिरीला भ्यायचा, दरबारच्या हत्तीला तर दोन गल्ल्या लांबून सलाम करायचा. रंकाळ्यावर आम्ही पोरं पोहायचो तेव्हा हा काठावर कपडे सांभाळत बसायचा, आणि कुणी बुडी मारून जरा उशिरा वर आलं की रडवेला व्हायचा. त्याचं घराणं फरासखान्यातलं. महाराजांच्या कारकिर्दीतल्या त्या दिवसांत दरबारचे तंबू, राहुट्या, सतरंज्या, कनाती, सगळं या फरासखान्याच्या ताब्यात असे. कनात म्हणजे तंबूभोवती उभी करायची कापडाची भिंत, दोन्ही टोकांना बांबू. राणीसाहेबांची स्वारी कुठं उतरली की आधी कनाती लागायच्या, मग माणसं. दस्तगीरचा बाप हेच काम करायचा, दस्तगीरही तेच करू लागला. मी शाळेत मास्तर झालो. आमची घरं एकाच गल्लीत, आणि भांडण एकाच विषयावर... तू किती भितोस!

या माणसाला एकाच जनावराची भीती वाटत नसे, आणि ते म्हणजे चित्ता. हे आजच्या वाचकाला खोटं वाटेल, पण त्या काळच्या कोल्हापुरात कुणालाच चित्त्याची भीती वाटत नव्हती. दरबारचे शिकारी चित्ते सकाळचे रस्त्यानं फिरायला निघायचे, गळ्यात दोरी, डोळ्यांवर चामड्याची टोपी आणि शेजारी चित्तेवान. डोळे झाकले की ते जनावर गरीब गाईसारखं चालायचं. टोपी निघायची ती फक्त माळावर, समोर हरण दिसलं की. गल्लीतली पोरं “चित्ता आला, चित्ता आला” करत मागं धावायची आणि बायका दारात धान्य निवडत बसलेल्या असल्या तर मानही वर करायच्या नाहीत. चित्तेवान दस्तगीरचे शेजारी. आमची कुसुम चालायला लागल्यापासून हा तिला खांद्यावर घेऊन चित्ते दाखवायला न्यायचा. तिनं चित्त्याच्या पाठीवरून हात फिरवलेला होता. घरी आल्यावर हात धुवायला तयार नव्हती.

कुसुम चार वर्षांची असतानाचा वैशाख मला अजून आठवतो. असा उन्हाळा मी आधी पाहिला नव्हता. रात्री अंथरूण तापायचं. कुसुमच्या अंगावर घामोळं उठून त्याच्या पुळ्या झाल्या होत्या, पोर सारखी किरकिरायची, आणि माझी बायको सरस्वती तिला पंख्यानं वारा घालून घालून रडकुंडीला आली होती. एका संध्याकाळी दस्तगीर दारात. मागं बैलगाडी, गाडीत त्याची बायको हमीदाभाभी आणि एक भलंमोठं गाठोडं.

“मास्तर, ऊठ की! पन्हाळ्याच्या पल्याड जाऊया. वर वारं हाय, पाणी हाय. हितं पोर भाजून निघालीया.”

“आत्ता?”

“आत्ताच. इचार केला की मला भ्या वाटतंय, मग ऱ्हाऊनच जातंय.”

गाडी-बैल त्याच्या सासऱ्यानं कसबा बावड्याहून दिले होते. गाठोड्यात फरासखान्यानं बाद केलेली एक जुनी राहुटी आणि कनातीचा एक पल्ला होता, त्याच्या साहेबांनी त्याला देऊन टाकलेला. सरस्वतीनं पीठ-मीठ बांधलं, मी शेजारी किल्ली दिली, आणि चूल विझायच्या आत आम्ही निघालोसुद्धा. असं न ठरवता मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

पन्हाळ्याच्या पलीकडं उतरणीवर एक ओढा होता. रात्रभर चालून सकाळी तिथं पोचलो आणि अंगाला वारं लागलं... काय सांगू! कुसुमनं पाण्यात पाय घातले ते काढेचना. दस्तगीरनं जागा बघून राहुटी ठोकली, आणि दोघी बायकांच्या अंघोळीसाठी ओढ्याकडच्या अंगाला कनात लावली. एवढं छान चाललेलं असताना तो मात्र दर घटकेला विचारत होता, “हितं काय बाय नसंल न्हवं?” मी म्हणालो, “काय बाय सगळं पळून गेलं असेल, दस्तगीर आला म्हणून.” बायका हसल्या. तोही हसला. पण सरपण त्यानं गरजेपेक्षा दुप्पट गोळा केलं. पोर त्या रात्री किती दिवसांनी सलग झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. सरस्वती तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती, हमीदाभाभी कांदा फोडत होत्या, मी काडीनं दात घासत होतो. दस्तगीर कनातीच्या दोऱ्या सैल करत होता, कारण ती दुसऱ्या बाजूला लावायची होती. कुसुम हाकेच्या अंतरावर करवंदाच्या जाळीपाशी बसून करवंदं तोडत होती. तिथून तिनं आनंदानं हाक मारली, “आई, चित्ता आला!”

आणि आमच्यातल्या एकानंही मान वर केली नाही. सरस्वती भाकरी परतत म्हणाली, “हात लावू नको हं एकदम. आधी चित्तेवानमामांना विचार.” इतकं सवयीचं वाक्य होतं ते. हमीदाभाभींनी तर “खा म्हणावं करवंदं” असंही म्हटलं. डोंगरात, माणसाचा माग नसलेल्या ठिकाणी, कुठला चित्तेवान आणि कसला चित्ता, हे आम्हा चौघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग कुसुम म्हणाली, “आई, ह्यानं टोपीच नाही घातली!”

ते वाक्य माझ्या कानात आजही तसंच आहे. मी बघितलं. जाळीच्या पुढं खडकावर ते बसलं होतं. चित्ता उंच असतो, सडपातळ असतो. हे ठेंगणं होतं, मानेला जाड, आणि त्याच्या गळ्यात दोरी नव्हती. बिबट्या. कुसुम उठून उभी राहिली होती आणि करवंदांचा लाल हात पुढं करून त्याच्याकडं निघाली होती. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की याला भ्यायचं असतं. सरस्वती ओरडणार तोच हमीदाभाभींनी तिच्या पिठाच्या हातांसकट तिला मिठी मारून तिचं तोंड दाबलं.

मी धावायला निघालो असेन, कारण दस्तगीरनं माझं धोतर धरलेलं मला आठवतं. “पळू नगंस,” तो कुजबुजला. त्याचे दात वाजत होते. “पळंल त्याच्यावर जातंय त्ये. चित्तेवान सांगत्यात.” मग त्यानं कनातीचा एक बांबू माझ्या हातात दिला. “धर. ताठ धर. त्याच्या डोळ्यांवर टोपी घालाय येत न्हाय न्हवं? मग आपूनच घालायची. चल.”

आम्ही कनात मध्ये धरली, दोन टोकांना दोघं, आणि चालू लागलो. दरबारात राणीसाहेब उतरताना चालतात तसं, सावकाश, कापड ताणून. त्या दुसुतीच्या जाड कापडातून काही दिसत नव्हतं. पुढं माझी लेक होती आणि तिच्या पुढं ते जनावर, आणि मला दिसत होतं फक्त कापड. एवढी भीती मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही कधी वाटली नाही. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता कापडावर धप्पकन काहीतरी येऊन आदळणार. किंवा पलीकडून पोरीची किंकाळी येणार. मी विचारलं, “आहे का रे तिथंच?”

“बघंना मी. तू बी बघू नगंस.”

“कुसुम कुठाय?”

“बोलू नगंस मास्तर... मला मुतायला यील.”

हसू नका. मी त्या क्षणी त्याचं तोंड बघितलं. डोळे घट्ट मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. डोळे मिटून हा माणूस बिबट्यावर चालून निघाला होता, माझ्या मुलीसाठी. मग पलीकडून, अगदी जवळून, कुसुमचा आवाज आला, “दस्तूकाका?” त्यानं डोळे न उघडताच वाकून कापडाखालून हात घातला, चाचपडला, आणि तिचा पाय धरून तिला आत ओढून घेतलं. खरचटली ती. रडायला लागली. इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

तसेच मागं मागं सरकत आलो. चुलीपाशी येऊन कनात खाली केली तेव्हा खडक मोकळा होता. ते बघून बरं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. समोर होतं तोवर ते एका जागी होतं, आता ते कुठंही असू शकत होतं. जाळी हलली की आम्ही एकमेकांना धरत होतो. बैल फुरफुरत होते. राहुटी तिथंच सोडली, तव्यावरची भाकरीही सोडली. गाडी जुंपली आणि कनात गाडीला चारी बाजूंनी गुंडाळून आम्ही आत बसलो. दस्तगीर तेवढा पुढं, बैलांना शिव्या आणि अल्लाला हाका एकाच दमात देत. भर दुपारी त्या जाड कापडाच्या आत जीव उकडून निघाला, घामानं कपडे अंगाला चिकटले, कुसुमच्या पुळ्या पुन्हा फुलल्या. गारव्याला गेलेली माणसं आम्ही, पण कापडाची कड उचलून वारं घ्यायची कुणाची छाती झाली नाही. कोल्हापूरच्या वेशीत आल्यावर एका म्हातारीनं विचारलं, “कोण राणीसाब हाय व्हय आत?” तेव्हा कुठं आम्ही बाहेर डोकावलो.

त्यानंतर दस्तगीर चित्त्यांनाही भ्यायला लागला. रस्त्यात चित्ता दिसला की हा शेजारच्या दुकानात शिरायचा आणि नको असलेली वस्तू घेऊन बाहेर यायचा. लोक हसायचे. पन्हाळ्याची गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. “सांगितली की पुन्यांदा भ्या वाटतंय,” म्हणायचा. मीही सांगितली नाही, कारण मलाही वाटायचं. आमच्या घरात मात्र तेव्हापासून एक रीत पडली. पोरानं “आई, बघ” म्हटलं की हातातलं टाकून उठायचं. सरस्वतीच्या हातच्या भाकऱ्या आजतागायत करपतात त्याचं कारण हेच. पाहुण्यांना आम्ही काहीबाही सांगून वेळ मारून नेतो.

ती कनात सरस्वतीनं परत दिली नाही. तिचा पडदा करून आमच्या माजघराच्या दाराला लावला. धुऊन धुऊन तिचा रंग गेलाय, खालून ती आखूड झालीय, वीतभर वर लोंबते. परवा कुसुम सांगलीहून आली होती. तिला आता मुलगा कॉलेजात जाणारा आहे. दस्तगीरच्या घरी जाऊन आली, रडून आली, आणि मग संध्याकाळी त्या पडद्यासमोर बसून राहिली. मी विचारलं, “तुला आठवतो का गं तो बिबट्या?”

“नाही आबा. मुळीच नाही.”

“काहीच नाही?”

“मागं वळले तर एक भिंत चालत येत होती, एवढं आठवतं,” ती म्हणाली. “आणि भिंतीखाली काकांचे पाय. एका पायात वहाण, एक पाय उघडा. लटलट कापत होते, आबा... आणि तरी माझ्याकडंच येत होते.”

“आणि माझे?”

“तुमचे नाही आठवत.”

बरोबरच आहे तिचं. मी तिचा बाप, मला यावंच लागलं असतं. कुसुम दुसऱ्या दिवशी सांगलीला गेली. मी माजघरासमोरच्या माझ्या जागी बसतो. पडद्याखालून येणारे-जाणारे पाय दिसतात, सरस्वतीचे, सुनेचे, नातवंडांचे. कुणीतरी जरा थांबतं, मी खाली बघतो, एकाच पायात वहाण आहे का ते, आणि मला भीती वाटते. मग तसाच बघत राहतो.