सिरियसच्या वरची पायरी

मुलगी मासवणहून पेजेचा डबा घेऊन बोईसरच्या दवाखान्याचा जिना चढून आली, तेव्हा तिच्या बापाला चादरीत गुंडाळून झालं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते. तिने आधी दारातून आत बघितलं, मग माझ्याकडे. डबा हातातच धरून उभी राहिली.

"तू सांगितलंस, सिरियस नाय," ती म्हणाली.

"डॉक्टरने सांगितलं."

"मी तुला दोनदा विचारलं, येऊ का म्हणून."

विचारलं होतं. दोन्ही वेळा मी नको म्हटलं होतं.

शिरगावला आमची वाडी आहे, केळीची आणि पानवेलीची. त्याच्या दोन दिवस आधी सकाळी वेलांना पाणी सोडताना नवरा पाटातच आडवा झाला. तोंड वाकडं, उजवी बाजू गेलेली. शेजाऱ्याच्या टेम्पोतून पालघरला नेलं. तिथल्या डॉक्टरने मेंदूत रक्त उतरलंय असं सांगून पुढे बोईसरला पाठवलं.

मी शिकले चौथीपर्यंत. पण आजारपणाचं इंग्रजी आमच्या गावात सगळ्यांना येतं. त्याच्या तीन पायऱ्या. माणूस ॲडमिट झाला की लोक सवडीने बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला जातात. सिरियस झाला की फोन जातात, आणि फोन आला की लेकीबाळींनी हातातलं टाकून निघायचं, काय झालं ते विचारत बसायचं नाही. पूर्वी 'जास्त झालंय' असा निरोप यायचा, त्याच्या जागी हा शब्द आला. तिसरी पायरी म्हणजे ऑफ झाला. त्यापुढे काही नाही.

त्यामुळे सिरियस हा शब्द कोणी उगाच तोंडातून काढत नाही. माझ्या जावेने एकदा काढला होता. सासऱ्यांना नुसता ताप होता, हिने घाबरून सिरियस म्हणून फोन फिरवले. सगळं गोत गोळा झालं, तर म्हातारा ओटीवर बसून विडी ओढतोय. पुढे कुठल्याही लग्नाकार्यात जाऊ दिसली की बायका म्हणायच्या, "काय गो, आज कोन सिरियस?" ती हसायची, पण तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या बायकांत मीही होते.

नवऱ्याला बोईसरला आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. तिच्या सासरी मासवणला भात कापून शेतात पसरलेलं होतं, आभाळ भरून आलं होतं आणि मजूर त्याच दिवसापुरते मिळाले होते. "पन तू सांग आई. येऊ का? तू बोलशील तशी निघते."

मी डॉक्टरला गाठलं. तरुण मुलगा. त्याला मराठी येत नव्हतं, मला हिंदी जेमतेम.

"डॉक्टरसाब, सीरियस हैं क्या?"

"मांजी, कल सीरियस थे. अब क्रिटिकल हैं."

"मतलब, सीरियस नहीं?"

"नहीं मांजी. क्रिटिकल." आणि तो पुढच्या खाटेकडे गेला.

काल होते, आज नाहीत, असं मी धरलं. क्रिटिकल हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या गावात त्या शब्दावर कधी कोणाला बोलावणं गेलं नव्हतं. ज्या शब्दावर कोणी घरातून उठत नाही, तो लहानच असणार.

"सिरियस नाय आता," मी फोनवर सांगितलं. "भात उचलून घे."

"बाबा बोलतात का?"

"हात हलवतात."

हलवत होते. चांगला राहिलेला डावा हात पुन्हापुन्हा दाराकडे करत होते. मला वाटलं वारा लागतोय. मी पडदा ओढला.

संध्याकाळी तिने परत विचारलं. "आता कुठे येतेस? रिक्षा मिळायची नाय," मी म्हटलं. "सकाळी पेज घेऊन ये." पहाटे ते गेले.

महिन्याभराने गावातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंना मी दोन्ही शब्दांचे अर्थ विचारले. बाई म्हणाल्या, "सिरियस म्हणजे गंभीर. क्रिटिकल त्याच्याही वर, म्हणजे चिंताजनक."

"चिंता मला लग्न झाल्यापासून आहे," मी म्हटलं. "त्यासाठी कोणी कोणाला बोलावत नाही."

चांगली बाई आहे, पण तिने तरी काय करायचं?

डॉक्टर खोटं बोलला नव्हता. त्याला त्याच्या पायऱ्या माहीत होत्या, मला माझ्या. त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते, पण तसं नाही. त्याने माणसाला इतक्या नळ्या लावल्या होत्या, छातीवर वायरी होत्या, समोर मशीन वाजत होतं. ते काही मला इंग्रजीत सांगायला नको होतं. मला सिरियस म्हणायचं नव्हतं. जावेसारखं हसं करून घ्यायचं नव्हतं, आणि लेकीचं वर्षाचं भात भिजू द्यायचं नव्हतं. म्हणून मी प्रश्नच असा विचारला की उत्तर 'नाही' असं यावं. ते आलं.

त्या दिवशी पाऊस पडलाच नाही. भात कोरडं घरात आलं.

बाराव्याला मुलगी सगळ्यांना वाढत होती. माझ्या पानावर आली तेव्हा म्हणाली, "आई, तुला भात किती वाढू? आमच्याकडचाच हाय." एवढंच. पंगतीत कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी तो सगळा खाल्ला.

अजून ती येते. दिवाळीला साडी आणते, वेलांची पानं खुडायला हात लावते. माझी तब्येत मात्र मला विचारत नाही. शेजारणीला फोन करते, आणि ती बरी आहे म्हणाली तरी स्वतः येऊन बघून जाते. मागच्या पावसात मला साधा खोकला होता. मी फोनवर म्हटलं, "काही नाय झालं, येऊ नको." दुपारी ती दारात उभी होती.

नवरा गेला. राहिलो आम्ही दोघी, ती मासवणला आणि मी शिरगावला.