भांडणाची खुर्ची

भांडायला आलेल्या माणसाला पार्षदबाई, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका, आधी पोहे खाऊ घालायच्या. हिंदी मुलखातल्या आमच्या गुढियारीत त्यांच्या घरापुढच्या ओट्यावर दोन खुर्च्या असत. एक त्यांची, आणि दुसरी एका बाजूचा हात तुटलेली. तिला सगळा पारा, म्हणजे सगळी वस्ती, भांडणाची खुर्ची म्हणायचा. नळ आला नाही, कचरागाडी फिरकली नाही म्हणून कोणी तणतणत आला की बाई ताटली पुढे करत. "आधी खा, मंग बोल. उपाशी माणूस अर्धं विसरून जाते." खाताखाता त्याचा आवाज खाली यायचा. पण तेवढ्यावर भागत नसे, कारण ताटली उचलताना त्याच विचारायच्या, "हं, आता सांग, काय नाही केलं म्या?"

हारतुऱ्यांचा त्यांना कंटाळा होता. निवडून आल्यावर मिरवणूक अर्ध्यात सोडून त्या तुंबलेलं गटार बघायला गेल्या होत्या, गळ्यात झेंडूचा हार तसाच. त्या म्हणत, "हार घालनारा एक डाव येते, शिव्या देनारा रोज येते. मंग मी कोनाले धरून ठेवू?" असं बोलणारा दुसरा पुढारी मी तरी पाहिला नाही.

त्या खुर्चीवरचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे माझी आई, पाऱ्यात माझ्या नावानं वंदनाची माय. दोघी भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या, दोघींचे नवरे रेल्वेत, एकीचं कुंकू संपलं तर ती दुसरीच्या डबीतून लावायची. मग बाई पार्षद झाल्या आणि त्यांनी पाऱ्यातली नाली रुंद करायला घेतली. तेव्हापासून पावसाचं पाणी लोकांच्या घरात शिरायचं थांबलं. आजही लोक त्या नालीसाठी त्यांचं नाव घेतात आणि ते खरंच आहे. फक्त ती नाली आमच्या स्वयंपाकघरातून गेली. पलीकडच्या बाजूला एका शेठचं धान्याचं गोदाम होतं, ते जिथल्या तिथं राहिलं. आमचा गॅस बाहेरच्या खोलीत आला, तो अजून तिथंच आहे.

आईनं लग्नकार्यात बाईंशी बोलणं सोडलं, पण ओट्यावर जाणं सोडलं नाही. तिचा एकच प्रश्न असे. "गोदाम काहून नाही तोडलं?" बाकी कोणत्याही गोष्टीवर बाईंकडे उत्तर तयार असायचं. यावर त्या फक्त म्हणत, "अजून घे थोडे पोहे." आई घरी येऊन धुसफुसायची, "पोहे बरे करते, बाकी काही नाही."

यंदा बाईंनी जाहीर केलं की आता निवडणूक लढवणार नाही, नागपूरला मुलाकडे जाणार. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. पंडरीचे कापडवाले, सिलतऱ्याचे प्लांटवाले, सगळे आले. शाल झाली, श्रीफळ झालं, "ऐसी दीदी दुबारा नहीं मिलेगी" असं प्रत्येक जण म्हणून गेला. बाई खुर्चीत चुळबुळत होत्या. शेवटी त्यांनी माईक ओढून घेतला.

"मी मेली नाही अजून. गुन काय गाऊन राहिले? काय राहिलं ते विचारा."

आणि आमची आई उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

"गोदाम काहून नाही तोडलं?"

या वेळी हाताशी पोहे नव्हते. बाईंनी अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"भेली होती मी, वंदनाची माय. शेठच्या मागं मोठे लोक होते. तू आपली होती, तुले समजावता येईल वाटलं. मी आपल्याच मानसाचं घर तोडलं. चुकलं माह्यं. जयभीम."

कोणी टाळी वाजवली नाही. आई खाली बसली आणि डोळे पुसत राहिली. त्या दिवशी मला बाई जितक्या मोठ्या वाटल्या तितक्या कुठल्याच मिरवणुकीत वाटल्या नव्हत्या. सगळ्यांदेखत असं बोलायला जी छाती लागते, ती मी फार थोड्यांजवळ पाहिली आहे.

सामानाचा टेम्पो भरला त्या सकाळी आई आपणहून गेली.

"जाऊन राहिली खरी," आई म्हणाली, "आता मी भांडू कोनाशी वो?"

बाईंनी तुटक्या हाताची खुर्ची टेम्पोतून उतरवायला लावली. "नव्या पार्षदाशी. पन उपाशी नको ठेवू त्याले."

नवा पार्षद तरुण आहे, त्याला मराठी समजतं पण बोलतो हिंदीत. परवा तो आमच्याकडे आला. आईनं त्याला पलंगावर बसवलं, गॅसवरचे गरम पोहे वाढले आणि स्वतः त्या खुर्चीत बसली. नालीचं नाव निघताच तो म्हणाला, "आंटी, वो तो मेरे टाइम का काम ही नहीं है."

"हव. आधी खा."

त्यानं सगळं खाल्लं, वर लिंबूही मागून घेतलं. आईनं त्याची ताटली उचलली.

"हं, आता सांग. गोदाम कधी हटते?"